एक टन स्पंज, तीनशे मिलिग्रॅम औषध



आपल्या या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि तह यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज एका औषधाचा इतिहास सांगणार आहे. औषधाचं नाव एरिब्युलिन. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेला असताना आणि आधीची औषधं चालेनाशी झालेली असताना डॉक्टर हे औषध देतात. त्याचा मूळ नमुना मिळाला तो समुद्राच्या तळाशी चिकटून राहणाऱ्या स्पंजात.

मी रसायनशास्त्रज्ञ नाही, फौजेतला माणूस आहे. मग हा विषय का घेतला? कारण हा रेणू जगासमोर आला १९८५-८६ मध्ये आणि औषधाला मंजुरी मिळाली २०१० मध्ये. मध्ये पंचवीस वर्षं गेली. एवढा उशीर का झाला, हे वाचायला लागल्यावर माझ्या ओळखीचा एक शब्द पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. तो शब्द म्हणजे रसद. शत्रूला मारणारं हत्यार हातात होतं, पण दारूगोळा चमचाभरसुद्धा नव्हता. तो कुठून आणायचा, किती आणायचा आणि आणताना काय उद्ध्वस्त होणार, या प्रश्नांचा हा इतिहास आहे.

जागचा न हलणारा प्राणी

स्पंजाची आणि सैनिकांची ओळख फार जुनी. ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरच्या ग्रंथात स्पंजांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक बारीक विणीचा, चिवट प्रकार शिरस्त्राणाच्या आणि पायांवरच्या चिलखताच्या आत अस्तर म्हणून लावत, म्हणजे घाव बसला तरी दणका कमी लागे. त्या स्पंजाला अकिलीजचं नाव होतं. आज हेल्मेटच्या आत फोम असतो, त्याचा हा पूर्वज म्हणा ना.

आंघोळीचा जुना स्पंज म्हणजे या प्राण्याचा सांगाडा. हो, प्राण्याचा. शाळेत आपण रंध्रीय प्राणी संघ शिकलो तो हाच. याला डोळे नाहीत, तोंड नाही, मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत. अंगावरच्या हजारो छिद्रांतून पाणी आत ओढायचं, त्यातले जिवाणू आणि बारीक कण खायचे आणि पाणी बाहेर सोडायचं, एवढंच त्याचं जगणं. लहान असताना काही काळ तो तरंगतो. एकदा खडकाला चिकटला की बहुधा जन्मभर तिथेच.

आता विचार करा. ज्याला पळता येत नाही, चावता येत नाही, कवच नाही, त्याने स्वतःचं रक्षण कसं करायचं? मासे येऊन लचके तोडतात. शेजारी वाढणारे जीव त्याच्या अंगावर चढून त्याला गुदमरवू पाहतात. पाण्यातले जिवाणू तर सतत आत शिरतच असतात. याला स्पंजाने शोधलेलं उत्तर आहे रसायन. काही रसायनं तो स्वतः बनवतो, काही त्याच्या अंगात वस्तीला असलेले सूक्ष्म जीव बनवतात. खाणाऱ्याला चव घाणेरडी लागावी, शेजाऱ्याची वाढ खुंटावी, जिवाणू मरावेत, यासाठी ती उपयोगी पडतात.

पूर्वी बऱ्याच शास्त्रज्ञांचा समज होता की हे रासायनिक युद्ध उष्ण समुद्रातच जास्त चालतं, कारण प्रवाळाच्या बेटांवर मासे भरपूर. थंड समुद्रातल्या स्पंजांना एवढी गरज कशाला? पण अंटार्क्टिकावरच्या अभ्यासाने हा समज मोडला. तिथे स्पंजांना खाणारे मुख्य शत्रू मासे नसून तारामासे आहेत. तेही हळू चालतात, पण स्पंज मुळीच चालत नाही, त्यामुळे गाठतातच. तिथल्या अनेक स्पंजांत तारामाशांना दूर ठेवणारी रसायनं सापडली. १९९४ मध्ये अंटार्क्टिकाच्या एका लाल स्पंजातून व्हॅरिओलिन नावाची रसायनं वेगळी केली गेली. तीही कॅन्सरच्या पेशींवर चालणारी निघाली. हे काम करणाऱ्यांत न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठाचे जॉन ब्लंट आणि मरे मन्रो होते. ही दोन नावं लक्षात ठेवा, आपल्या गोष्टीत ती परत येणार आहेत.

स्पंजापासून औषधाची वाट सापडण्याची ही पहिली वेळ नव्हती. येल विद्यापीठाचे वेर्नर बर्गमन यांनी १९४५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एक स्पंज गोळा केला. त्यात त्यांना डीएनएच्या घटकांसारखे, पण वेगळी साखर जोडलेले रेणू मिळाले. पेशी त्यांना आपले समजून फसू शकते, हे त्यातून सुचलं. त्याच कल्पनेवर सायटाराबिन हे औषध तयार झालं. अमेरिकेत १९६९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही वापरात आहे. पण तिथे रसदीचा प्रश्न आला नाही. रेणू लहान होता, कारखान्यात बनवता आला. बर्गमनच्या स्पंजाला पुन्हा हात लावावा लागला नाही. आपल्या आजच्या रेणूचं तसं नव्हतं.

नागोयाचे गुरुजी

जपानमधल्या नागोया विद्यापीठात योशिमासा हिराता नावाचे प्राध्यापक होते. समुद्री विषं हा त्यांचा हातखंडा विषय. फुगू माशाच्या जीवघेण्या विषाची रचना १९६४ मध्ये ज्या गटांनी उलगडली, त्यांत त्यांचा गट होता. त्यांच्या हाताखाली तयार झालेले लोक बघा. ओसामू शिमोमुरा यांना जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी २००८ चं नोबेल मिळालं. दुसरे योशितो किशी. त्यांचा जन्म नागोयाचाच, १९३७ चा. पीएचडी हिरातांकडे केली आणि पुढे हार्वर्डला प्राध्यापक झाले. किशींकडे आपण नंतर येऊ.

टोकियोच्या दक्षिणेला मिउरा नावाचं द्वीपकल्प आहे. तिथल्या खडकाळ किनाऱ्यावर एक काळा स्पंज वाढतो. त्याचं शास्त्रीय नाव हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई. त्यात ओकाडाइक आम्ल नावाचं विष १९८१ च्या सुमारास सापडलेलंच होतं. हिराता आणि त्यांचे सहकारी दाइसुके उएमुरा त्याच स्पंजात पुढे शोधत राहिले. त्यांनी ६०० किलो स्पंज गोळा केला आणि त्याचा अर्क काढून, गाळून, वेगळा करत करत शेवटी काही नवे रेणू हाती आणले. त्यांना हॅलिकॉन्ड्रिन असं नाव दिलं. त्यांतला सगळ्यात जोरदार होता हॅलिकॉन्ड्रिन बी.

तो किती मिळाला? साडेबारा मिलिग्रॅम.

६०० किलोंत साडेबारा मिलिग्रॅम म्हणजे जवळजवळ पावणेपाच कोटी भागांत एक भाग. सहा क्विंटल धान्याच्या राशीतून तांदळाचा अर्धाअधिक दाणा निवडावा, असा प्रकार. पण तेवढ्यावर त्यांनी रेणूची रचना ठरवली, आणि कॅन्सर झालेल्या उंदरांवर तो अतिशय थोड्या मात्रेत काम करतो हेही दाखवलं. उपकरणं आजच्यासारखी नसताना केलेलं हे काम आहे. त्याला सलामच केला पाहिजे.

दोर कापणारं हत्यार

हा रेणू नेमकं करतो काय, हे १९९१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये कळलं. तिथे वेगवेगळ्या कॅन्सरच्या साठ प्रकारच्या पेशी ठेवलेल्या असतात. नवं रसायन आलं की साठही पेशींवर लावायचं आणि कोणती पेशी किती मेली याचा नकाशा काढायचा. दोन रसायनांचे नकाशे जुळले, तर दोघांची मारण्याची पद्धत सारखी असण्याचा संभव असतो. हॅलिकॉन्ड्रिन बीचा नकाशा अशा औषधांशी जुळला, जी पेशीच्या सूक्ष्मनलिकांवर हल्ला करतात.

या सूक्ष्मनलिका म्हणजे पेशीतले दोर समजा. पेशी दोन होताना गुणसूत्रांच्या जोड्या या दोरांनी दोन बाजूंना ओढल्या जातात. हे दोर एका टोकाला सतत वाढतात आणि आखडतात. त्यांचं वाढणं थांबलं की वाटणी नीट होत नाही, पेशी तिथेच अडकते आणि मरते. कॅन्सरच्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्यांना हा मार जास्त बसतो. शरीरातल्या इतर झपाट्याने वाढणाऱ्या पेशींनाही बसतो, त्यातून दुष्परिणाम होतात. या दोरांवर काम करणारी औषधं आधीही होती. पण हॅलिकॉन्ड्रिनची पकड निराळी होती, त्यामुळे जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या पेशींवरही ते चालेल अशी आशा होती.

संस्थेने हा रेणू पुढच्या तपासणीसाठी निवडला. आता खरी अडचण सुरू झाली. माणसांवरच्या चाचण्यांसाठी निदान दहा ग्रॅम हवे होते, आणि जगात तर मिलिग्रॅमच होते.

याच संस्थेने नुकताच टॅक्सॉलचा अनुभव घेतला होता. ते औषध अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू नावाच्या झाडाच्या सालीत मिळायचं. झाड अतिशय सावकाश वाढतं आणि साल सोलली की मरतं. एका बाजूला मरणारे रुग्ण, दुसऱ्या बाजूला तोडली जाणारी जुनी जंगलं, असा तो वाद होता. शेवटी दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतून जवळचा रेणू काढून त्याचं औषधात रूपांतर करता आलं. पानं तोडली तर पुन्हा फुटतात, त्यामुळे झाडं वाचली. स्पंजाच्या बाबतीत असा सोपा रस्ता दिसत नव्हता.

कायकोराचा तळ

मग नजर गेली दक्षिणेला. हॅलिकॉन्ड्रिन गटाचे रेणू जपानबाहेरच्या काही स्पंजांतही मिळत होते. पश्चिम पॅसिफिकमधल्या एका स्पंजात मिळाले, आफ्रिकेजवळच्या कोमोरोस बेटांवरच्या एका स्पंजात मिळाले. या स्पंजांचं आपसांत जवळचं नातं नाही. त्यामुळे हा रेणू मुळात स्पंजाचा नसून त्याच्या अंगातल्या एखाद्या सूक्ष्म जीवाचा असावा, असा तर्क निघाला. सगळ्यांत चांगला साठा दिसला तो न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, कायकोराच्या समोर.

कायकोरा हे व्हेल बघण्यासाठी प्रसिद्ध गाव. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रात खोल दरी आहे आणि दक्षिणेकडून येणारं थंड पाणी तिथे पोचतं. त्या भागात साधारण शंभर मीटर खोलीवर लिसोडेन्डोरिक्स जातीचा पिवळा स्पंज वाढत होता. मन्रो आणि ब्लंट यांनी त्यात हॅलिकॉन्ड्रिन गाठलं होतं.

आता इथे जे झालं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्यांनी आधी मोजणी केली. समुद्रतळाची पाहणी करून हा स्पंज किती भागात आहे आणि एकूण किती आहे याचा अंदाज काढला. आकडा आला सुमारे ३०० टन, आणि तोही काही चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात. त्यानंतर न्यूझीलंड सरकारची परवानगी घेऊन, नव्वदच्या दशकाच्या मध्याला, तळ खरवडून एक टन स्पंज वर काढला गेला. एकच टन.

त्या एक टनातून हॅलिकॉन्ड्रिन बी मिळालं सुमारे ३१० मिलिग्रॅम. तापावर आपण पॅरासिटामॉलची जी गोळी घेतो तिच्यात ५०० मिलिग्रॅम औषध असतं. म्हणजे एका गोळीहूनही कमी.

चला, हिशेब करू. एक टनाला ३१० मिलिग्रॅम, तर चाचण्यांच्या दहा ग्रॅमसाठी बत्तीस टन स्पंज लागेल. औषध बाजारात आलं तर जगाची गरज वर्षाला एक ते पाच किलो धरली होती. एक किलोला तीन हजार दोनशे टन. पाच किलोला सोळा हजार टन. आणि साठा किती? तीनशे टन. कायकोराचा तो सगळा पट्टा खरवडून साफ केला असता, तरी शंभर ग्रॅमसुद्धा औषध निघालं नसतं.

फौजेत पहिला धडा असतो तो हाच. नकाशावर योजना कितीही सुंदर असो, पुढच्या चौकीवर माणसामागे रोज किती किलो माल पोचवता येतो, यावर तिचं भवितव्य ठरतं. तो आकडा जमत नसेल तर योजना बदला. शौर्याने तो आकडा बदलत नाही. इथेही तेच होतं. कुणी म्हणू शकलं असतं की स्पंजापेक्षा माणसाचा जीव मोठा, खरवडा सगळं. पण खरवडूनही माणसं वाचणार नव्हती. मोजणी आधी झाली, म्हणून हे वेळेवर कळलं.

शेतीचाही प्रयत्न झाला. स्पंजाचे तुकडे दोरांना बांधून कमी खोल पाण्यात सोडले. खोल पाण्यातला हा जीव तिथेही वाढला आणि हॅलिकॉन्ड्रिनही बनवत राहिला. हे मोठं यश होतं. पण हजारो टनांची गरज अशी भागणार नव्हती. दुसरी वाट हवी होती.

शिष्याने बांधलेला रेणू

ती वाट हार्वर्डमध्ये तयार होत होती. हिरातांचे शिष्य किशी यांनी हॅलिकॉन्ड्रिन बी प्रयोगशाळेत, साध्या रसायनांपासून, एकेक जोड देत बांधायला घेतलं होतं. १९९२ मध्ये ते पूर्ण झालं. म्हणजे गुरूने समुद्रातून शोधलेला रेणू शिष्याने काचेच्या भांड्यात उभा केला.

हे किती अवघड आहे ते सांगतो. आपला डावा हात आणि उजवा हात सारखेच दिसतात, पण डाव्या हाताचा मोजा उजव्यात नीट बसत नाही. कार्बनच्या रेणूंतही असे डावे-उजवे जोड असतात. हॅलिकॉन्ड्रिन बीमध्ये असे ३२ जोड आहेत. प्रत्येक ठिकाणी दोन शक्यता धरल्या तर एकूण रचना होतात चारशे एकोणतीस कोटींहून जास्त. त्यांतली एकच बरोबर.

किशींच्या कामातली एक हकिगत मला फार आवडते. हे जोड देण्यासाठी क्रोमियमची एक रासायनिक क्रिया वापरत. ती जपानी शास्त्रज्ञ नोझाकी आणि हियामा यांनी शोधली होती. पण ती लहरी होती. क्रोमियमच्या एका बाटलीने चालायची, दुसऱ्या बाटलीने नाही. कंपनी तीच, लेबल तेच, कृती तीच. शेवटी ध्यानात आलं की ज्या बाटल्या चालत होत्या त्यांत निकेलची किंचित भेसळ होती, आणि खरी कळ त्या निकेलमध्ये होती. किशी आणि नोझाकी या दोघांच्या गटांनी हे १९८६ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं. त्यानंतर निकेल मोजून घालायला लागले आणि क्रिया भरवशाची झाली. आज ती क्रिया नोझाकी, हियामा आणि किशी या तिघांच्या नावाने ओळखली जाते. हॅलिकॉन्ड्रिनच्या बांधणीत तिचा पुन्हा पुन्हा उपयोग झाला.

रेणू बांधता आला, तरी कारखान्यात टिकेल असा तो अजून नव्हता. फार मोठा, फार टप्पे. इथे ऐसाई ही जपानी औषध कंपनी आली. तिची संशोधन संस्था मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी होती. किशींनी बांधणीतले मधले तुकडे त्यांना तपासायला दिले. तपासणीत कळलं की कॅन्सरच्या पेशींवर काम करतो तो रेणूचा उजवा अर्धा भाग, डावी लांब शेपटी नसली तरी चालतं.

ही बातमी म्हणजे घाटात अडकलेल्या फौजेला दुसरी खिंड सापडावी तशी. अर्धा रेणू बांधणं जमण्यासारखं होतं. पण नुसता अर्धा तुकडा जिवंत प्राण्याच्या रक्तात तुटून जायचा. मग ऐसाईच्या शास्त्रज्ञांनी त्यात फेरफार करत शेकड्याच्या घरात नमुने बनवले. तुटणारा सांधा बदलून तिथे मजबूत सांधा घातला. त्यातून निवडलेला नमुना म्हणजे एरिब्युलिन.

त्यातही डावे-उजवे जोड १९ राहिलेच, आणि तो बनवायला ६२ टप्पे लागतात. एका ओळीत ६२ टप्पे आणि प्रत्येकात दहा टक्के माल वाया, असं धरलं तर शेवटी हजार भागांतला दीड भागच हाती राहील. म्हणून रेणूचे तीन मोठे तुकडे वेगवेगळे बनवतात आणि शेवटी जोडतात. आम्ही बेली पूल असाच बांधतो. कप्पे आधी तयार असतात, नदीवर फक्त जोडायचे असतात. नदीवर बसून लोखंड वितळवत नाहीत.

मिळालं किती?

माणसांवरच्या चाचण्या २००२ मध्ये सुरू झाल्या. मोठी निर्णायक चाचणी ७६२ स्त्रियांवर झाली. सगळ्यांचा स्तनाचा कॅन्सर पसरलेला होता आणि प्रत्येकीने आधी किमान दोन वेळा केमोथेरपी घेतलेली होती. एका गटाला एरिब्युलिन, दुसऱ्या गटाला त्यांच्या डॉक्टरांना योग्य वाटेल ते दुसरं औषध. निकाल असा आला. दुसऱ्या गटातल्या निम्म्या स्त्रिया १०.६ महिन्यांहून जास्त जगल्या. एरिब्युलिनच्या गटात हाच आकडा १३.१ महिने होता. १५ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मंजुरी दिली. पुढे २०१६ मध्ये चरबीच्या पेशींतून होणाऱ्या लायपोसार्कोमा या दुर्मीळ कॅन्सरसाठीही ती मिळाली. तिथे फरक मोठा होता, ८.४ महिन्यांचे १५.६ महिने.

अडीच महिने. पंचवीस वर्षांचं काम, हजारो माणसांची मेहनत, आणि मिळाले अडीच महिने. ऐकून कुणाला हसू येईल, कुणाला राग येईल. मला दोन्ही वाटत नाही. एक तर हा मधला आकडा आहे. काहींना काहीच फायदा झाला नाही, काहींना बराच जास्त झाला. दुसरं म्हणजे ज्यांचे बाकीचे रस्ते बंद झाले होते अशा स्त्रियांत आयुष्य वाढल्याचं दिसलं, ही गोष्ट त्या काळी दुर्मीळ होती. अडीच महिन्यांत मुलीची परीक्षा होते, घरात एक लग्न होतं, एक दिवाळी पार पडते. ज्याच्या घरी हा आजार येऊन गेला आहे, त्याला मी हे वेगळं सांगायला नको. मात्र हा विजय पूर्ण नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पांढऱ्या पेशी कमी होतात, हातापायांना मुंग्या येतात, आणि आजार बहुतेकदा परत डोकं काढतो.

रसदीचं काय झालं? या औषधाचा डोस साधारण दोन मिलिग्रॅमच्या आसपास असतो, तीन आठवड्यांत दोनदा. हिरातांनी ६०० किलो स्पंजातून जेवढं हॅलिकॉन्ड्रिन काढलं, तेवढं एरिब्युलिन एका रुग्णाला पाच-सहा डोसांत संपेल. आज त्यासाठी एकही स्पंज उचलावा लागत नाही. पुढे २०१९ मध्ये किशींचा गट आणि ऐसाई यांनी पूर्ण हॅलिकॉन्ड्रिनच्या कुळातला, शेपटीसकट मोठा रेणू कारखान्याच्या पद्धतीने साडेअकरा ग्रॅम बनवून दाखवला. साडेबारा मिलिग्रॅमपासून साडेअकरा ग्रॅमपर्यंत, साधारण नऊशे पटींचा हा प्रवास एका माणसाच्या कारकिर्दीत झाला. किशी २०२३ च्या जानेवारीत वारले.

समुद्र कुणाचा?

आता शेवटचा मुद्दा. एरिब्युलिनला मंजुरी मिळण्याच्या सतराच दिवस आधी, २९ ऑक्टोबर २०१० रोजी, एक आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. एखाद्या देशातला जीव वापरून दुसऱ्या कुणी औषध किंवा वस्तू बनवली, तर त्या देशाची आधी परवानगी घ्यावी आणि फायद्यात त्याला वाटा द्यावा, असा तो करार. त्याचं नाव नागोया करार, कारण ती परिषद नागोयाला भरली होती. ज्या शहरात हॅलिकॉन्ड्रिन पहिल्यांदा ओळखलं गेलं, तेच हे शहर. हा निव्वळ योगायोग आहे, पण प्रश्न आपल्या गोष्टीतलाच आहे.

भारताने यात उशीर केला नाही. आपला जैवविविधता कायदा २००२ चा आहे आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण चेन्नईला आहे. आपल्याकडे मन्नारचं आखात आहे, लक्षद्वीप आणि अंदमान आहे. भरती ओसरल्यावर मालवणच्या किंवा गोव्याच्या खडकांतही स्पंज दिसतात. गोव्याला दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्री जिवांतल्या रसायनांवर काम झालेलं आहे. पण कायद्याने हक्क मिळतो, मोजणी होत नाही. आपल्या कोणत्या खडकावर काय आहे आणि किती आहे, हे माहीत असेल तरच त्याचं रक्षण करता येतं, आणि उद्या कुणी मागायला आलं तर हिशेबाने उत्तर देता येतं. तळ खरवडणारी जाळी, सांडपाणी आणि तापत चाललेलं पाणी मात्र मोजणीसाठी थांबत नाही.

एक गोष्ट विसरू नका. माणसाने हा रेणू शेवटी स्वतः बांधला, पण त्याचा आराखडा माणसाला सुचला नव्हता. बत्तीस जोडांची ती रचना कुणी कागदावर बसून काढली नसती. तो आराखडा मिउराच्या काळ्या खडकांवर आणि कायकोराच्या थंड अंधारात तयार पडलेला होता. १९८० च्या आधी कुणी तो पट्टा दुसऱ्याच कारणासाठी साफ केला असता, तर काय गमावलं हे कुणाला कळलंही नसतं.

म्हणून माझ्या हिशेबात या मोहिमेचे मानकरी तीन. साडेबारा मिलिग्रॅमवर रचना ठरवणारे हिराता आणि उएमुरा. रेणू बांधणारे किशी आणि ऐसाईचे शास्त्रज्ञ. आणि कायकोराच्या समुद्रात आधी मोजून, मग एकच टन उचलून थांबणारी न्यूझीलंडची मंडळी. पहिल्या दोघांबद्दल पुस्तकांत लिहिलेलं सापडतं. तिसऱ्यांबद्दल कमी लिहिलं जातं. लढाईत जिथे थांबायला हवं तिथे थांबलेल्या तुकडीचं नाव बातम्यांत येत नाही, पण अनुभवी अधिकाऱ्याला तिची किंमत माहीत असते.

आज इथेच थांबतो. तुमच्या भागातल्या समुद्रकिनाऱ्यावर, खाडीत किंवा खडकांत स्पंज पाहिला असेल, तर तो उपटू नका. जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. मोजणीची सुरुवात अशीच होते.

जय हिंद.